गृहशिक्षणाला ऑनलाइन साधनांची जोड : तंजावूरचा धडा

मूल शाळेऐवजी घरी शिकू लागले की त्याला तीन गोष्टींची गरज भासते : अभ्याससामग्री, ती समजावून देणारा मार्गदर्शक आणि शिकल्याची पावती देणारी परीक्षायंत्रणा. इंटरनेटमुळे यांपैकी पहिली गोष्ट जवळजवळ विनामूल्य झाली आहे. उरलेल्या दोहोंचे काय, हा धोरणाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होय. तो समजून घेण्यास तामिळनाडूतील तंजावूरचे उदाहरण उपयुक्त ठरते.

राजपुत्राचे शिक्षण

तंजावूरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांचे शिक्षण खासगी शिक्षकांच्या देखरेखीखाली झाले. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले व ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या हवाली केले. वारसाहक्काच्या कलहामुळे १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके यांनी त्यांचे शिक्षण पुढे चालविले. १७९८ मध्ये गादीवर आल्यानंतर सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांबरोबरच युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथांची भर घातली, देवनागरी मुद्रणालय उभारले आणि इसापच्या कथा मराठीत छापून घेतल्या. त्यांच्या वाट्याला जाणते गुरू आणि समृद्ध ग्रंथसंग्रह ही दोन्ही साधने आली. सामान्य रयतेच्या मुलांना ती दुर्लभ होती. हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले ते १९१८ मध्ये.

कायदा आणि प्रमाणपत्र

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ समाविष्ट झाला. त्यानुसार करण्यात आलेला शिक्षणहक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वयोगटातील बालकांना शाळेत दाखल करणे हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. मात्र त्यात कसूर करणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. गृहशिक्षणाचा या कायद्यात स्वतंत्र उल्लेख नाही. परीक्षेची गरज प्रामुख्याने १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था भागविते. तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे आणि नियमित शाळेत उपस्थित राहण्याची अट नाही.

साधने मुबलक, मार्गदर्शन दुर्मीळ

अभ्याससामग्रीच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत मोठी प्रगती झाली. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ ही व्यासपीठे २०१७ मध्ये आली, तर २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’ अंतर्गत इयत्तानिहाय दूरचित्रवाहिन्यांची योजना जाहीर झाली. एकदा तयार झालेला पाठ आणखी एका विद्यार्थ्याने पाहिल्यास येणारा सीमान्त खर्च नगण्य असतो. एकाच्या वापराने तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही. म्हणूनच तो सार्वजनिक वस्तूच्या जवळ जातो.

परंतु पाठ आणि मार्गदर्शक या परस्परांना पर्यायी नव्हेत, तर पूरक वस्तू आहेत. दोन पूरक वस्तूंपैकी एक स्वस्त झाली की दुसरीची मागणी वाढते आणि तिची टंचाई अधिक जाणवू लागते. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणानुसार स्मार्टफोन असलेल्या घरांतील शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. तरीही २०२० मध्ये सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससामग्री मिळालेली मुले सुमारे एकतृतीयांशच होती. ‘असर २०२४’ मध्ये १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मात्र आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी वापर सुमारे ५७ टक्के मुलांनी, तर समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्के मुलांनी केला होता. म्हणजे उपकरण हाती आल्याने अभ्यास आपोआप होत नाही.

ही उणीव भाषेच्या बाबतीतही दिसते. तंजावूरमधील मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण शाळेचे माध्यम तमिळ किंवा इंग्रजी असते. देवनागरी लिपी, शब्दकोश, विश्वकोश आता इंटरनेटवर उपलब्ध आहेत. तथापि, तंजावुरी मराठीची लकब घरातील वडीलधाऱ्यांकडूनच शिकावी लागते.

घराजवळचा शिक्षक

कोविडकाळातील शाळाबंदीनंतर तामिळनाडू सरकारने २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ (घर शोधत आलेले शिक्षण) ही योजना सुरू केली. स्थानिक स्वयंसेवक पहिली ते आठवीच्या मुलांना वस्तीतच संध्याकाळी शिकवीत. अभिजित सिंह, मॉरिसिओ रोमेरो व कार्तिक मुरलीधरन यांच्या ग्रामीण तामिळनाडूतील अभ्यासानुसार, शाळा पुन्हा उघडल्यानंतर सहा महिन्यांत अध्ययनातील सुमारे दोनतृतीयांश तूट भरून निघाली आणि त्या भरपाईतील सुमारे २४ टक्के वाटा या योजनेचा होता.

यातून धोरणाची दिशा स्पष्ट होते. ज्या घरात सुशिक्षित व सवड असलेला पालक आहे, तेथे ऑनलाइन वर्ग गृहशिक्षणाला बळ देतात. जेथे दोन्ही पालक दिवसभर मजुरीवर असतात, तेथे तेच वर्ग पडद्यावरच राहतात. हे अंतर वाढू द्यायचे नसेल, तर साधनांच्या निर्मितीइतकाच खर्च वस्तीपातळीवरील मार्गदर्शक, सार्वजनिक वाचनालये आणि सुलभ परीक्षाकेंद्रे यांवर होणे आवश्यक आहे. दोनशे वर्षांपूर्वी राजपुत्रालाच लाभणारा ग्रंथसंग्रह आज सर्वांच्या आवाक्यात आला आहे. शेजारी बसून शंका सोडविणारा शिक्षक मात्र अद्याप प्रत्येक मुलाच्या वाट्याला आलेला नाही.