दुसऱ्याच्या ओट्यावरचं दुकान

ह्यूस्टनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी एका औषधांच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला गल्ल्यावर उभा असायचो. शुक्रवारी पगार झाला की रंगारी, छपरं घालणारे यायचे. घामानं ओलसर झालेल्या वीस-वीसच्या नोटा मोजून पुढे सरकवायचे. शंभर डॉलर प्रीपेड कार्डावर भरायचे, वर पाचेक डॉलर भरणावळ. त्यांतला एक जण पावती टोपीच्या आत खोचायचा.

शंभरावर पाच! आमच्या सांगलीतल्या पतपेढीनं स्वतःचेच पैसे भरून घ्यायला एवढे मागितले असते, तर लोकांनी टेबल उलटं केलं असतं. पण इथल्या बँकेत खात्यावर नसलेला पैसा चुकून खर्च झाला की एका चुकीला पस्तीस डॉलरपर्यंत दंड बसायचा. त्यापुढे पाच स्वस्तच.

परवा पुण्याहून भाच्यानं विचारलं, "मामा, प्रीपेड कार्ड आणि डिजिटल बँकिंगवाल्या कंपनीत पैसे घालू का?" मी त्याला ग्रीन डॉटची गोष्ट सांगितली.

रेडिओतून आलेल्या स्टीव्ह स्ट्राइटनं १९९९ मध्ये ही कंपनी काढली, ती पोरांना इंटरनेटवर खरेदी करता यावी म्हणून. कार्ड उचललं मात्र बँकेत खातं नसलेल्या मोठ्या माणसांनी. जुलै २०१० मध्ये शेअर ३६ डॉलरला बाजारात आला. कमाईच्या वाटा तीन: महिन्याचं शुल्क, भरणावळ, आणि कार्ड वापरलं की दुकानदाराकडून मिळणारा कट. मोठ्या बँकांच्या या कटावर २०११ मध्ये कायद्यानं मर्यादा आली. दहा अब्ज डॉलरपेक्षा कमी मालमत्तेच्या बँका त्यातून सुटल्या. त्यामुळे या धंद्यात चिमुकल्या बँकेलाही भाव असतो. ग्रीन डॉटनं त्याच वर्षी युटामधल्या प्रोव्होची एक छोटी बँक विकत घेतली.

इथवर भाचा खूश होता.

मग मी त्याला विचारलं, कार्ड विकतं कोण? निम्म्याहून अधिक उत्पन्न एकट्या वॉलमार्टमधून येत होतं. २०१० च्या करारात वॉलमार्टला सुमारे २२ लाख शेअरही दिले होते. जागेची पागडीच म्हणा. जुलै २०१२ मध्ये स्पर्धेमुळे कंपनीनं वर्षाच्या कमाईचा अंदाज खाली आणला आणि शेअर एका दिवसात साठ टक्क्यांच्या आसपास कोसळला. धंदा तोट्यात नव्हता, हे विशेष. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉलमार्टनं अमेरिकन एक्सप्रेसबरोबर 'ब्लूबर्ड' नावाचं स्वतःचं खातं आणलं. बँक हाती असली की सरकारी तपासणीही मागे लागते. २०२४ मध्ये फेडरल रिझर्व्हनं ग्रीन डॉटला ४.४ कोटी डॉलर दंड ठोठावला.

भाच्याला म्हटलं, किती कार्डं विकली हा आकडा बघू नकोस. किती कार्डांवर पगार थेट जमा होतो ते शोध. पहिल्या भरणीनंतर कचऱ्यात जाणारी कार्डं मी रोज बघत होतो.

एकदा आमच्या मॅनेजरनं कार्डांची खुंटी नजरेच्या उंचीवरून गुडघ्याजवळ उतरवली आणि वर भेटकार्डं टांगली. त्या शुक्रवारी टोपीवाला कपाटापुढे बराच वेळ उभा राहिला आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "बंद झाली का ती कार्डं?"