डिझेल इंजिनाची दाबाची नळी बदलतांना

विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, तरी वीज नसेल तेव्हां पिकाला पाणी देणारें डिझेल इंजिन आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अद्याप मोडींत काढलेलें नाहीं, व तें शहाणपणाचेंच आहे. या इंजिनाचे बरेचसे भाग शेतकरी स्वतःच खोलतो. परंतु पंपापासून इंजेक्टरपर्यंत जाणारी पोलादी नळी खोलतांना केवढ्या दाबाशीं गांठ आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते.

मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब चौरस सेंटिमीटरास दोन-अडीच किलो असतो. साध्या शेतीइंजिनाच्या या नळींत तो सुमारें २०० किलो किंवा त्याहूनही अधिक चढतो. इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांस एक याप्रमाणें तासाला ४५,००० धक्के ती सोसते. म्हणूनच तिची भिंत जाड व भोंक जेमतेम दीड-दोन मिलिमीटरांचें ठेवितात. तेथें तांब्याची वा रबराची नळी लावणें किंवा चिरलेल्या नळीस डाग देणें, ही काटकसर नव्हे.

चिरेंतून उडणारी धार केसासारखी बारीक असते. पुष्कळदां दिसतही नाहीं. बोट फिरवून गळती शोधण्याची खोड येथेंच घात करते. धार कातडें भेदून आंत शिरते. हातमोजाही तिला अडवील असें नाहीं. वर टांचणी टोंचल्याएवढी खूण, वेदना प्रथम नांवाला. म्हणून मनुष्य हळद दाबून पुन्हां कामास लागतो. कांहीं तासांनीं हात सुजतो, आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असें घडल्यास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत तत्काळ जावें, व दाबाखालील डिझेल आंत गेलें आहे, असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

नळी बदलण्यापूर्वीं इंजिन बंद करून निवूं द्यावें व टाकीची तोटी मिटावी. नटांभोंवतालची माती ब्रशानें डिझेल लावून धुवावी. एक कण आंत गेला तरी नोझल बिघडतें. पंपाकडील नट सोडतांना दुसऱ्या पान्यानें त्याखालचा भाग धरावा, नाहींतर तोही फिरतो. उघड्या तोंडांवर स्वच्छ टोपणें घालावीं. चिंध्या कोंबूं नयेत, धागे आंत राहतात. नवी नळी त्याच इंजिनाची घ्यावी. दोन्ही नट आधीं हातानेंच बसले पाहिजेत. न बसल्यास पान्यानें ओढूं नये. नळी तिरपी आहे असें समजावें.

नंतर पंपांतील हवा काढून पंपाकडील नट आवळावा, इंजेक्टरकडील थोडा सैल ठेवावा, आणि व्हॉल्व्ह उचलण्याची कळ वर करून हँडल फिरवावें. तोंड दूर असावें. बुडबुडे थांबून निर्भेळ डिझेल आलें कीं नट आवळावा. पुढें हँडल फिरवितांना इंजेक्टर किर्रकिर्र बोलूं लागला, म्हणजे हवा गेली.

इंजिन चालू झाल्यावर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून नळीजवळ धरावा. तो भिजला, तर इंजिन बंद करून मगच नट पाहावा. नळीची पकड विसरूं नये. ती सैल राहिली तर नवी नळीही थरथरून चिरते.

नव्या ट्रॅक्टरांतील कॉमन रेल पद्धतींत दाब १६०० किलोच्या घरांत किंवा त्याहूनही अधिक असतो. तिची नळी सैल करून हवा काढण्याचा वरील प्रकार तेथें मुळींच करूं नये. तें काम माहीतगार कारखान्याकडेच सोंपवावें.