ओल कुठं, गळती कुठं

तासगावात एप्रिलमध्ये नळाचं काम करणारा माणूस घरी बोलावणं सोपं नसतं. द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असते आणि त्याच सुमाराला ठिबकच्या नळ्या धुवायच्या, फुटलेल्या जोडायच्या, फिल्टर साफ करायचे अशी कामं निघतात. बरेच मिस्त्री दिवसभर रानातच असतात. शेजारच्या काकूंच्या सिंकखालची गळती बघायला मिस्त्री आले तेही दिवेलागणीला. त्यांचं काम जवळून बघायला मिळावं म्हणून मी बॅटरी धरायला थांबलो.

पिशवीतला पाना त्यांनी बराच वेळ बाहेरच काढला नाही. आधी ओट्याखालचा कप्पा रिकामा केला. मग अँगल कॉक, कनेक्शन पाइप, जाळीचं कपलिंग, बॉटल ट्रॅप आणि वेस्ट पाइप असं वरून खालपर्यंत सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरला. "ओल दिसती तिथं गळती नसती, काकू," ते म्हणाले. काकूंनी दाखवलेली जागा ट्रॅपच्या तळाची होती आणि तिथं आधीच कुणीतरी एम-सीलचा गोळा थापलेला होता. पाणी वरच्या सांध्यातून निघतं, पाइपच्या पोटाला चिकटून घरंगळतं आणि सगळ्यात खालच्या वळणावरून टपकतं. बहुतेक घरांत लिंपण होतं ते याच वळणावर, आणि म्हणून गळती थांबत नाही.

सिंकखाली दोन वेगळी पाणी असतात, हे एकदा समजलं की शोध निम्मा होतो. टाकीकडून येणाऱ्या पाण्याला दाब असतो. तो टाकीच्या आकारावर नाही, उंचीवर ठरतो: दर मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 100 ग्रॅम. टाकी सहा मीटर वर असेल तर 600 ग्रॅमचा हा रेटा नळ बंद असतानाही रात्रंदिवस चालू राहतो. सांडपाण्याला असा दाब नसतो. ते ओतलं तरच गळतं. म्हणून मिस्त्रींनी आधी नळ बंद ठेवून दहा मिनिटं नुसती वाट बघितली. कागदावर अँगल कॉकच्या खाली एक गोल डाग उमटला. मग बूच लावून सिंक काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. आता ट्रॅपच्या बाजूला दुसरा डाग पडला. गळत्या दोन होत्या, आणि एम-सील दोन्हींपासून लांब होतं.

पुढचा माग पांढऱ्या रेषेनं दाखवला. काकूंकडं वापराला बोअरचं पाणी आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. थेंब वाळतो, क्षार मागं राहतात. कनेक्शन पाइपच्या नटापासून खाली बारीक पांढरी पूड ओघळलेली होती. कित्येक महिन्यांची गळती तिथं थराथरानं साठली होती. तिच्यावर बोट ठेवून मिस्त्री म्हणाले, "हितनं चालू झालंय बघा." हीच पूड आट्यांत बसली की नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण आत वॉशर नीट टेकलेलंच नसतं.

अँगल कॉक बंद करून नट सोडल्यावर आतून टेफ्लॉन टेपचा लगदा निघाला. ही चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती घरोघरी होते. भिंतीतल्या पाइपमध्ये अँगल कॉक बसतो, तिथं पाणी अडवायचं काम आट्यांचं असतं. पूर्वी तिथं ताग आणि सफेदा लावत, आता टेफ्लॉन. आट्यांचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं टेप गुंडाळायची, म्हणजे पिळताना ती उलगडत नाही. कनेक्शन पाइपच्या नटात मात्र पाणी रबराचं वॉशर अडवतं. आटे फक्त त्या रबराला दाबून धरतात. तिथं कितीही टेप गुंडाळा, वॉशर चिरलेलं असेल तर पाणी येणारच. मिस्त्रींनी आटे जुन्या टूथब्रशनं आणि व्हिनेगरनं घासले, नवं वॉशर घातलं, नट हातानं बसेपर्यंत फिरवला आणि पान्यानं फक्त पाव फेरा दिला. ठिबकच्या नळ्यांतले हेच क्षार काढायला रानात आम्ल सोडतात, पण घरात संडासचं ॲसिड वापरू नका, असं त्यांनी काकूंना बजावलं. नळाची चकाकी तर जातेच, आणि ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

ट्रॅपचं काम लवकर आटोपलं. वाटी उघडल्यावर चहाचा चोथा, भाताची शितं आणि थिजलेलं तेल निघालं. वरचं रबर वाकडं बसलं होतं, ते सरळ केलं. ट्रॅपच्या वाटीत कायम थोडं पाणी उभं राहतं आणि गटारीचा वास, झुरळं वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंगनं 1775 साली शौचकूपासाठी वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, त्यातलं तत्त्व हेच. वेस्ट पाइपही बदलावा लागला, कारण उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतून तो मऊ पडून वाकला होता.

दुरुस्तीआधी नटाखाली ठेवलेली 50 मिलिलिटरची वाटी दहा मिनिटांत भरली होती. म्हणजे दिवसाला सात लिटर. तासाला चार लिटरचा एक ड्रिपर हे पाणी वेलीच्या मुळाशी दोन तासांच्या आत देतो. दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बागा जगवलेल्या या तालुक्यात ते कपाटातल्या लाकडात मुरावं, याचं मला वाईट वाटतं.

मिस्त्रींनी पुन्हा सगळं पुसलं, नवा कागद अंथरला आणि दोन्ही चाचण्या पहिल्यापासून केल्या. रबर दाबाखाली बसतं, म्हणून सकाळी परत कागद बघा, ओला असेल तर फोन करा, असं सांगितलं. निघण्याआधी त्यांनी काकूंना स्वतःच्या हातानं अँगल कॉक दोन-तीनदा बंद-चालू करायला लावला. "महिन्यातनं एकदा तरी फिरवत जावा. क्षारानं जाम झाला तर ऐन वेळी वळत न्हाई, मग गच्चीवर टाकीचा वॉल बंद करायला पळावं लागतंय."