आम्लाच्या टाकीपाशी स्टेनलेस स्टील

20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि तेथे अतिप्रदूषक उद्योगांना मज्जाव झाला. त्यामुळे या भागातील स्टेनलेस स्टीलची मोठी कामे शेजारच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत चालतात आणि डहाणू-तलासरीतील कामगारांचा या धातूशी संबंध येतो तो तेथेच.

या पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असते व त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर गंज रोखतो. मात्र तापवून लाटलेल्या मालावरची काळी खपली काढण्यासाठी तो नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवतात, ज्याला पिकलिंग म्हणतात, आणि सर्वांत घातक टप्पा हाच. सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेवर पडल्यास कित्येक तास वेदना जाणवत नाही, पण तोवर ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते व हृदयाची लयही बिघडवू शकते. म्हणून भरपूर पाण्याने धुऊन लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावावे आणि रुग्णालय गाठावे. असे जेल हाताशी नसेल तर ती टाकी चालवूच नये.

स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे कर्करोगकारक रूप, असते. तेथे तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी ठरतो, धूर उगमापाशीच खेचून घ्यावा लागतो.