कंसातली माणसे

कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी गडकोट पालथे घालतो. मला नाद आहे तो तलाठ्याच्या दप्तराचा. त्या दप्तरातल्या गाव नमुन्यांमध्ये माझा सर्वांत लाडका नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवही. माणूस गेला की त्याच्यामागे कोण कोण उरले, त्यांची वये काय, मृताशी नाते काय, एवढेच तिच्यात असते. पण एखाद्या घराची खरी गोष्ट वाचायची तर ती या रकान्यांतच वाचावी, असे माझे ठाम मत आहे.

शिरूर तालुक्यातले पाबळ बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असते : एक मस्तानीची समाधी, दुसरे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली उभा केलेला विज्ञान आश्रम. मीही समाधी पाहायलाच गेलो होतो. पण तिथे उभा राहिलो आणि डोक्यात आला तो वारसाचाच प्रश्न. पाबळ हे मस्तानीचे इनाम गाव. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव पेशवे रावेरखेडीला वारले आणि त्याच वर्षी मस्तानीही. मागे दोघांचा मुलगा समशेर बहादूर हा जेमतेम सहा वर्षांचा पोर. मुंज नाही, पुण्यातल्या ब्रह्मवृंदाची मान्यता नाही. पण पेशव्यांच्या घराने त्याला वाऱ्यावर सोडले नाही. पुढे त्याच्या वंशाला बुंदेलखंडात बांद्याची जहागीर मिळाली. जग नाते मानो न मानो, वाटा ठरवताना ते मोजावेच लागते. सहा-कचे तत्त्व हेच.

पण वाटे ठरायच्या आधी घरावर पडतो तो खर्च; आधी त्याकडे येऊ. गावात मौतीचा पहिल्या दिवसाचा खर्च भावकी अंगावर घेते. बांबू, कडबा, पांढरे कापड, मडके, सरणाची लाकडे आणि गोवऱ्या कोण आणतो हे कुणी विचारत नाही. घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी येते. तिसऱ्या दिवशी सावडणे होते. इथवर सगळे आटोपशीर. खर्चाला पाय फुटतात ते दहाव्याला. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात दशक्रिया हा मोठा सार्वजनिक कार्यक्रम झाला आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, प्रवचनकार महाराजांची बिदागी, श्रद्धांजलीची भाषणे, चौकात फलक. काकस्पर्शाच्या आधी पुढाऱ्यांची भाषणे उरकायची, की कावळ्याला थांबवायचे, असा पेच मी स्वतः पाहिला आहे. तेराव्याचे गोड जेवण वेगळेच. कर्ज काढून जेवणावळी घालू नका असे गाडगेबाबा जन्मभर सांगत फिरले. आपण त्यांच्या नावाने स्वच्छता मोहीम काढली आणि ही शिकवण सोयीस्कर विसरलो.

पुण्यात याच्या अगदी उलट वागलेला माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र केले. दत्तक पुत्र यशवंतला वारस ठरवले, अंत्यविधीबद्दलही लिहून ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले तेव्हा यशवंतच्या हक्कावरून नातलगांनी वाद घातलाच. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढचे मडके, हाती धरले आणि वाद तिथेच संपवला. मृत्युपत्राइतकीच ते पाळायला लावणारी खमकी माणसेही मागे असावी लागतात.

मदतीच्या योजना भराभर सांगतो, कारण त्यांचे तक्ते कचेरीत मिळतात. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये; अर्ज तहसीलला. शेतकरी किंवा त्याच्या घरातले एक माणूस अपघातात, सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने गेले तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख. अर्ज कृषी खात्याकडे. शिरूरच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. त्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी वन खाते २५ लाख देते. नोंदीत बांधकाम कामगाराच्या वारसाला नैसर्गिक मृत्यूनंतर २ लाख, कामावर मृत्यू झाल्यास ५ लाख. रांजणगावच्या कारखान्यातला विमाधारक कामगार असेल तर राज्य कामगार विमा महामंडळ अंत्यविधीला १५,००० रुपयांपर्यंत देते. आणि पासबुक नीट पाहा : वर्षाला ४३६ रुपये कापले गेले असतील तर जीवनज्योती विम्याचे २ लाख आहेत, २० रुपये असतील तर अपघाती विम्याचे. या सगळ्याला मृत्यूचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीत २१ दिवसांत नोंद केली तर काही त्रास नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे. वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र द्यायचे. चौकशी होऊन नावे सहा-कला चढतात, तिथून फेरफार नोंदवहीत म्हणजे नमुना सहामध्ये येतात. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबाऱ्यावर मृताच्या नावाला कंस पडतो आणि खाली वारस येतात. कंसातली ही माणसे वाचत बसणे हा माझा छंद आहे. एकेका उताऱ्यावर तीन पिढ्या कंसात असतात. आणि काही उताऱ्यांवर आजोबा, पणजोबा अजून कंसाबाहेर, कागदोपत्री पेरणी करत बसलेले! सरकारने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. बुलढाण्यात सुरुवात झाली आणि १ एप्रिलपासून ती राज्यभर गेली.

सातबाऱ्यावरची दोन अक्षरगुच्छ ओळखायला शिका. ‘एकुमॅ’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचे एकट्याचे नाव लावले, बाकीच्यांची नावे त्याच्या पोटात. थोरला भला असेतो ठीक. तो गेला आणि त्याच्याच मुलांची नावे लागली की धाकट्या काकाची झोप उडते. ‘अपाक’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लहानपणी वारला म्हणून आईचे किंवा मामाचे नाव लागले. पोरगा पन्नाशीला आला तरी उताऱ्यावर अज्ञानच. दोन्ही शेरे अर्ज करून काढता येतात. माझा सल्ला विचाराल तर आजच काढा.

प्रोबेटची भीती शहरातून गावात आली आहे. मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाचे शिक्कामोर्तब, घेण्याची सक्ती इंग्रजांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांभोवती उभी केली. पाबळात केलेल्या, पाबळच्याच जमिनीच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. आपल्याकडे चालतो तो १८२७ चा आठवा विनियम, आणि तो माझा दुसरा लाडका. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या संहितेतला हा विनियम सुरुवातीलाच सांगतो की वारसाने कोर्टाची परवानगी न घेताही मालमत्तेचा कारभार हाती घ्यावा, रूढी-कायद्याला धरून. अडले तरच कोर्टात जावे. कोर्ट जाहीर नोटीस काढते, हरकतीला महिनाभर देते आणि वारस दाखला देते. हा दाखला कारभाराचा. मालकीचा निवाडा त्याने होत नाही. जवळपास दोनशे वर्षांचा हा कागद आजही महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत रोज वापरात आहे. बँकेतली रक्कम किंवा शेअर अडले तर मात्र १९२५ च्या कायद्याखाली वेगळे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते.

तिथेच नॉमिनीचा घोळ होतो. ज्यांचे ‘कालनिर्णय’ मराठी घराघरात भिंतीवर असते त्या जयंतराव साळगावकरांचे २०१३ साली निधन झाले. त्यांच्या गुंतवणुकीवरून निघालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला : नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा; मालक ठरतात ते वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, पण चार नावांनीही हे तत्त्व बदलत नाही. विकास सोसायटीच्या कर्जाबद्दलही एक सांगून ठेवतो : बापाचे कर्ज मुलांवर येते ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतेच.

राहिल्या बहिणी. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी ‘लेकी सासरी सुखात आहेत’ म्हणून प्रतिज्ञापत्रातून त्यांची नावे गाळणारे सुशिक्षित भाऊ मला भेटले आहेत. नाव गाळणे हा खोटेपणा आहे. बहिणीला वाटा नको असेल तर आधी तिचे नाव लागू द्यावे, मग तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यावे.

माझे म्हणणे एवढेच, की दहाव्याला सगळे वारस एका मांडवात असतात आणि असा योग पुन्हा लवकर येत नाही. प्रवचन झाले की भावकीतल्या एखाद्या जाणत्याने वारसांची यादी मोठ्याने वाचावी, लेकींसकट. कुणी सुटले असेल तर तिथेच कळेल. आधार कार्डांच्या प्रती त्याच दिवशी गोळा कराव्यात आणि अर्ज आठवड्यात टाकावा. हक्कसोडीचा कागद मात्र त्या दिवशी काढू नये. वर्षश्राद्ध होऊ द्यावे. रडून थकलेल्या बहिणीची सही कायद्यात टिकेलही, पण पुढच्या भाऊबिजेला तिच्याकडून ओवाळून घेताना ती सही भावाला आठवत राहील.