रयत राजी, तर राज्य मजबूत

साताऱ्याचा अजिंक्यतारा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब बादशहाने या गडाला वेढा घातला. गडावर प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. बादशहाच्या लोकांनी सुरुंग लावून तट उडवला. पण तो तट त्यांच्याच फौजेवर कोसळला! पुढे १७०० च्या एप्रिलात गड बादशहाला मिळाला. पण राज्य काही मिळाले नाही. लोक लढतच राहिले. बादशहा पंचवीस वर्षे दक्षिणेत अडकून पडला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ वारला.

एवढ्या मोठ्या फौजेपुढे राज्य टिकले कसे? त्या लढाईत राज्य सांभाळणारे एक कारभारी होते रामचंद्रपंत अमात्य. शिवाजी महाराजांचा कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. १७१५ साली त्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. राज्य कसे चालवावे, ते त्यात सांगितले आहे.

पंत सांगतात, गड बांधायचा तर आधी पाणी बघा. एकाच झऱ्यावर विसंबू नका. टाकी बांधा, पाण्याचा साठा ठेवा.

दुसरी गोष्ट झाडांची. आरमाराला लाकूड लागते. पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नका. ही झाडे एका-दोन वर्षांत होत नाहीत. रयत ती लेकरासारखी वाढवते. एखादे झाड जुने, निकामी झाले असेल, तर मालकाला राजी करा, पैसे द्या, मगच तोडा.

आता बघा, तुमच्या बांधावरचा आंबा कुणी न विचारता तोडला, तर तुम्हाला कसं वाटेल? अशी दुखावलेली रयत गडाला दाणागोटा देईल का? की शत्रूला वाट दाखवील?

चीन देशातही दोन हजार वर्षांपूर्वी युद्धावर एक ग्रंथ झाला. तो सुन त्झू या सेनापतीच्या नावाने ओळखतात. राजा आणि प्रजा एकदिलाने आहेत का, हे आधी पाहा, असे तो सांगतो. लढाई लांबली की देश कंगाल होतो, असेही बजावतो. देश वेगळा, पण शहाणपण तेच.

आज राजे नाहीत. आज गावाची सत्ता ग्रामसभेत आहे. पंचायतीला रस्त्यासाठी कुणाचे झाड तोडायचे असेल, तर मालकाला विचारले का, भरपाई दिली का, हे तुम्ही विचारा. आता तुम्हाला वाचता येते. ठराव नीट वाचा, मगच सही करा.