सोसायटी मॅनेजरचे काम

मुंबई, ठाणे, पुण्यातील मोठ्या गृहसंकुलांचा रोजचा कारभार अनेकदा व्यवस्थापन कंपनीकडे असतो. मॅनेजर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि सफाई कर्मचारी कंपनीच नेमते.

■ रोजचे काम : सकाळी टाक्यांतील पाणी, पंप, लिफ्ट आणि कर्मचाऱ्यांची हजेरी पाहायची. मग तक्रारवही: गळती, पार्किंगचे वाद, न आलेला टँकर. लिफ्ट अडकली की फोन रात्रीही येतो.

■ हिशेब : देखभाल शुल्काची बिले आणि थकबाकीचा पाठपुरावा. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. सदनिका भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. हे नियम रहिवाशांना समजावणे हा कामाचा मोठा भाग आहे.

■ वर्षाचे वेळापत्रक : २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगप्रतिबंधक यंत्रणेचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैत द्यावे लागते. पावसाळ्यापूर्वी गच्ची आणि गटारांची सफाई. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा.

■ अधिकार आणि ताण : पगार कंपनी देते, सूचना व्यवस्थापक समिती देते आणि जाब प्रत्येक रहिवासी विचारतो. खर्चाची मंजुरी व कायदेशीर जबाबदारी मात्र समितीचीच. कंत्राट बदलले की कर्मचाऱ्यांची नोकरीही धोक्यात येते. म्हणून नियुक्तीपत्र, भविष्यनिर्वाह निधी, साप्ताहिक सुट्टी आणि टाकीसफाईसारख्या कामांत सुरक्षासाधने यांची तरतूद करारातच स्पष्ट असणे आवश्यक आहे.